वाद्य कोणासाठीं वाजतें ?

वाद्य म्हटलें कीं सुशिक्षित घरांतील माणसाच्या मनापुढें बैठक उभी राहते. एका बाजूस वाजविणारा, दुसऱ्या बाजूस ऐकणारे आणि मध्यें तें वाद्य. ऐकणाऱ्याला सुख व्हावें, त्यानें मान डोलवावी, जमल्यास दाद द्यावी, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आकाशवाणीनें ही समजूत अधिकच पक्की केली. ध्वनिग्राहकापुढें बसलेल्या वादकाला ऐकणारा दिसतही नाहीं. तरी कोणीतरी कोठेंतरी ऐकत आहे, या भरंवशावर तो वाजवीत असतो.

परंतु जगाच्या पाठीवर अशीं वाद्यें आहेत कीं, जीं या बैठकींतील श्रोत्यासाठीं मुळीं झालींच नाहींत. त्यांपैकीं दोहोंची हकीकत येथें सांगावयाची आहे. एक आशियांतील, म्हणजे जपानची बांबूची नळी, शाकुहाची. दुसरें आफ्रिकेंतील, झिंबाब्वे देशांतील शोना लोकांचें लोखंडी पट्ट्यांचें वाद्य, म्बिरा. पहिलें कोणासाठींच वाजत नसे. दुसरें मृतांसाठीं वाजे. पुढें दोघांनाही जिवंत श्रोता मिळाला आणि त्या लाभाची किंमत दोघांनाही मोजावी लागली.

शाकुहाची हें नांव ऐकावयास गूढ वाटतें. पण त्याचा अर्थ निव्वळ मापाचा आहे. शाकु म्हणजे जपानी फूट आणि हाची म्हणजे आठ. एक शाकु आणि वर आठ सुन, म्हणजे सुमारें साडेचोपन्न सेंटिमीटर, ही तिची रूढ लांबी. बांबू मुळाशीं खणून काढतात. म्हणून नळीचें खालचें टोक जाड, गांठाळ व किंचित् वाकलेलें असतें. पुढें चार छिद्रें, मागें अंगठ्यासाठीं एक. वरच्या टोकाचा कांठ तिरपा तासलेला असतो आणि त्यावर ओठ टेकवून फुंकर मारावयाची असते. आपल्या बांसरीसारखी ती आडवी धरीत नाहींत, उभी धरतात. पांच छिद्रांतून स्वर ते किती निघणार, असें वाटेल. पण वादकानें हनुवटी किंचित् वाकविली कीं स्वर उतरतो, उचलली कीं चढतो, आणि दोन स्वरांमधील सारी वाट त्याला मोकळी राहते. ज्यांनीं सारंगीची मींड कान देऊन ऐकली आहे, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

ही नळी मूळची चीनची. नारा शहरांतील शोसोइन नांवाच्या राजभांडारांत आठव्या शतकांतील शाकुहाची आजही जतन करून ठेवलेल्या आहेत. मात्र त्यांना पांचाऐवजीं सहा छिद्रें आहेत. तेव्हां ती दरबारी वाद्यवृंदांत वाजे. तिचें खरें चरित्र सुरू होतें तें एदो काळांत, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशें वर्षांत. देशांत शांतता नांदूं लागली आणि ज्यांचा धनी गेला असे सामुराई रिकाम्या हातानें रस्तोरस्तीं फिरूं लागले. त्यांतील कित्येकांनीं झेन बौद्धधर्माच्या फुके नांवाच्या पंथाचा आश्रय केला. हे कोमुसो, म्हणजे शून्याचे भिक्षू. डोक्यावर वेताच्या टोपलीसारखी टोपी. तीही अशी खोल, कीं सारा चेहरा तिच्या आंत बुडावा. गळ्यांत झोळी, हातांत शाकुहाची. हे दारोदार ती फुंकीत आणि तांदूळ अगर नाणें घेत.

चेहरा झांकण्याचें कारण पंथाचे लोक असें सांगत कीं, 'मी' म्हणून जें कांहीं आहे तें त्या टोपलींत लपून जावें. निंदकांचें म्हणणें निराळें होतें. सरकारनें या पंथाला नाक्यांवरून मोकळेपणानें जाण्याची मुभा दिली होती, आणि शाकुहाची फुंकण्याचा हक्क तत्त्वतः यांनाच होता. तेव्हां एवढ्या सवलती ज्यांना मिळतात ते कोणाचे तरी हेर असलेच पाहिजेत, असा संशय लोकांत होता. सवलतींचा आधार म्हणून १६१४ सालची एक सनद पंथ दाखवीत असे. ती बनावट असल्याचें इतिहाससंशोधकांनीं पुढें ठरविलें. धर्मसंप्रदायाच्या कागदपत्रांत असले प्रकार जपानांतच घडतात असें नाहीं.

पण सनद खोटी निघाली म्हणून साधना खोटी ठरत नाहीं. पंथांत शाकुहाचीला संगीताचें वाद्य म्हणत नसत. जपानी भाषेंत संगीतवाद्याला गाक्की म्हणतात आणि धर्मविधीच्या साधनाला होकी. घंटा, जपमाळ, भिक्षापात्र हीं ज्या वर्गांतलीं, त्याच वर्गांत ही नळी मोडे. बसून ध्यान करणें हा झेनचा रूढ मार्ग. येथें त्याच्या जागीं फुंकून ध्यान करणें आलें. त्याला सुइझेन असें नांव आहे. पंथांतील ज्या रचना, त्यांना होन्क्योकु म्हणजे मूळ रचना म्हणतात. त्यांत ठेका नाहीं, ताल नाहीं. श्वास भरावयाचा, स्वर सोडावयाचा आणि श्वास संपला कीं चरण संपला. पुढचा चरण केव्हां सुरू व्हावयाचा, तर पुढचा श्वास पुरा भरेल तेव्हां. म्हातारा भिक्षु व तरुण भिक्षु यांची एकच रचना लांबीनें निराळी होणार हें उघड आहे, आणि त्यांत कोणाला वावगें वाटत नसे. स्वरामध्यें वाऱ्याचा घरघराट मिसळतो, कधीं मुद्दाम मिसळवितात; कारण सर्व ध्यान श्वासाचें, आणि श्वासाचाच आवाज झांकला तर उरलें काय ?

अशा वाद्याला श्रोता लागत नाहीं. रस्त्यावरचा माणूस ऐकतो, नाणें टाकतो, तें त्याचें पुण्य. फुंकणारा त्याच्यासाठीं फुंकीत नसतो. निदान तसें फुंकूं नये, असा दंडक होता. प्रत्यक्षांत दंडक सर्वांनीं पाळला असें नाहीं. कुरोसावा किंको (१७१० ते १७७१) हा मूळचा सामुराई. यानें कोमुसो होऊन निरनिराळ्या मठांतील रचना गोळा केल्या आणि छत्तीस रचनांचा संग्रह बसविला. एदो शहरांत नागरिकही शिकण्यासाठीं येऊं लागले होते. म्हणजे मठाची भिंत आधींच थोडी खचलेली होती.

ती एकदम कोसळली १८७१ सालीं. नव्या मेइजी सरकारनें फुके पंथ हुकुमानें बंद केला. सामुराईंचे हक्क जात होते, बौद्ध संस्थांवर सरकारची वक्रदृष्टि होती, आणि हा पंथ तर दोन्ही अंगांनीं सांपडण्यासारखा. मठ गेले, टोपल्या गेल्या, भिक्षेचा हक्क गेला. मग नळीचें काय करावयाचें ? त्या वेळीं अराकी कोदो व योशिदा इत्चो या दोन वादकांनीं सरकारकडे रदबदली केली, कीं शाकुहाची हें एक संगीतवाद्य आहे, तें सामान्य लोकांना वाजवूं द्यावें. ज्या गोष्टीचा पंथानें दोनशें वर्षें इन्कार केला, तीच गोष्ट कबूल करून तिचा जीव वांचविण्यांत आला. या दोघांना दोष देणें सोपें आहे. पण त्यांनीं तसें केलें नसतें तर आज ती नळी शोसोइनच्या पेटींतच पाहावी लागली असती.

संगीतवाद्य झाल्यावर संगीताचे नियम आले. कोतो व शामिसेन या तंतुवाद्यांच्या जोडीला ती बसूं लागली, आणि तंतुवाद्याशीं जुळावयाचें तर स्वर नेमका हवा. जुनी नळी बांबू जसा उपजला तशी आंतून ओबडधोबड असे. प्रत्येक नळीचा स्वर तिचा स्वतःचा. आतां आंतून लाखेचा व मातीचा लेप देऊन पोकळी बेताची करूं लागले. आवाज मोठा झाला, सुरेल झाला, आणि एक नळी दुसरीसारखी झाली. १८९६ सालीं नाकाओ तोझान यानें नवा संप्रदाय काढला. त्यांत नव्या रचना व वृंदवादन यांवर भर होता. उलट क्योतो येथील म्योआन मठाभोंवतीं १८९० सालीं एक मंडळी पुन्हा जमली आणि तिनें लेप न दिलेल्या नळीवर जुनी साधना चालू ठेविली. दोन्ही वाटा आजतागायत चालू आहेत. त्यांतील कोणती खरी, हा वाद घालणारांना घालूं द्यावा. मात्र दोन्ही नळ्या एकदा पाठोपाठ ऐकाव्या. पहिलींत गाणें ऐकूं येतें, दुसरींत माणसाचा श्वास ऐकूं येतो.

शाकुहाचीला पुढें केवढा श्रोतृवर्ग लाभला हें सांगण्यास दोन सालें पुरेत. १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या प्रख्यात वाद्यवृंदापुढें ताकेमित्सु या रचनाकाराच्या कृतींत ती वाजली. आणि १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें सोडलीं. त्यांवर पृथ्वीवरील ध्वनींची जी सोनेरी तबकडी आहे, तिच्यांत गोरो यामागुची यांनीं वाजविलेली, क्रौंच पक्ष्यांच्या घरट्याविषयींची एक जुनी होन्क्योकु आहे. त्याच तबकडींत गोव्यांतील केरी गांवच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. केसरबाई रेडिओ व ध्वनिमुद्रण यांच्या बाबतींत किती काटेकोर होत्या हें जुन्या रसिकांना ठाऊक आहे. दुसरें यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, त्या निवर्तल्या. ज्यांनीं आपला श्रोता नेहमीं पारखून घेतला, त्यांचा आवाज, आणि जिनें श्रोता मागितलाच नाहीं ती नळी, हीं दोन्ही आतां कोण ऐकणार हें ठाऊक नसतां एकाच तबकडीवर चाललीं आहेत.

म्बिराला त्या तबकडींत जागा मिळाली नाहीं. त्याची कथा जपानच्या नळीहून अधिक कडू आहे. कारण नळीवर बंदी घातली ती तिच्याच देशाच्या सरकारनें, आणि म्बिराचा अव्हेर करावयास लावलें परक्यांनीं.

वाद्य दिसावयास अगदीं साधें. कठीण लाकडाची वीतभर रुंद फळी. हें लाकूड पुष्कळदां मुब्वामारोपा या झाडाचें असतें. त्या झाडाला घाव घातला कीं रक्तासारखा लाल रस वाहतो, आणि नांवही त्यावरूनच पडलें आहे. फळीवर लोखंडाच्या ठोकून चपट्या केलेल्या २२ ते २८ पट्ट्या एका आडव्या सळईखालीं ताणून बसवितात. दोन्ही अंगठ्यांनीं त्या खालीं दाबून सोडावयाच्या आणि उजव्या तर्जनीनें कांहीं पट्ट्या खालून वर उचकावयाच्या. उजव्या हाताची करंगळी फळीच्या कोपऱ्यांतील भोकांत अडकवून फळी तोलून धरतात. हें सारें एका मोठ्या, अर्ध्या कापलेल्या भोपळ्यांत बसवितात, म्हणजे आवाज घुमतो. आपल्या तंबोऱ्याला भोपळा कशासाठीं असतो हें ज्याला कळतें, त्याला हेंही कळेल.

फळीवर व भोपळ्याच्या कांठावर गोगलगाईंचे शंख बांधीत. आतां बहुधा बाटल्यांचीं पत्र्याचीं बुचें असतात. पट्टी वाजली कीं हीं सारीं थरथरतात आणि स्वराभोंवतीं एक सतत झणझणाट उठतो. युरोपीय पाहुण्यांना वाटे कीं, एवढें गोड वाद्य आणि त्याला हा खडखडाट कशाला ? मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर दोऱ्याचा जीव सरकवून जवारी काढतो तेव्हां त्याला असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तार नुसती वाजली तर ती एकच स्वर देते. झणकारली तर त्यांत न वाजविलेले स्वरही ऐकूं येतात. शोना वादकाचें म्हणणें याच्या फार जवळ जाणारें आहे. त्या झणझणाटांत, पट्ट्यांवर नसलेले आवाज ऐकूं येऊं लागतात आणि गाणारा ते उचलून गातो.

या वाद्याचें पूर्ण नांव म्बिरा द्झावाद्झिमु. वाद्झिमु म्हणजे पितर, पितरांचें म्बिरा. शोना लोकांत परमेश्वराची कल्पना आहे. पण तो फार दूर, त्याच्याशीं थेट बोलणें नाहीं. घरांत दुखणें हटत नाहीं, पाऊस लांबला, भाऊबंदकी विकोपाला गेली, तर विचारावयाचें तें गेलेल्या आज्या-पणज्याला. त्यासाठीं रात्रभर जो विधि करतात त्याला बिरा म्हणतात. आपल्या भाषेंत त्याला जागर म्हणणें शोभेल. धान्य आंबवून त्याचें पेय कांहीं दिवस आधींपासून करावें लागतें. संध्याकाळीं घरचे, भावकीचे, शेजारचे जमतात. म्बिरावाले बसतात, भोपळ्याचे खुळखुळे वाजूं लागतात, गाणें, नाचणें, टाळ्या सुरू होतात. ज्याच्या अंगांत पितर येतो तो त्यांच्यांतच बसलेला असतो. पितर येतो कशावर ? जिवंत असतांना जी चाल त्याला आवडत असे, ती त्याच्या कानीं पडली म्हणजे तो येतो. म्हणून वादकाजवळ चालींचा मोठा साठा लागतो. ही नाहीं तर ती, असें करीत तो रात्र काढतो. पितर आला कीं वाद्यें थांबतात, झाड बोलूं लागतें, आणि मंडळी आपलें गाऱ्हाणें पुढें मांडतात. घराण्याच्या पितरांच्या वर, साऱ्या मुलखाला पाऊसपाणी देणारे जुन्या राजांचे आत्मे असतात. त्यांना म्होंदोरो म्हणजे सिंह म्हणतात. त्यांच्यासाठींही हेंच वाद्य.

चालीची घडण या कामाला फार अनुरूप आहे. बहुधा दोन वादक असतात. एकाचा भाग कुशाउरा, म्हणजे पुढें होणें. दुसऱ्याचा कुत्सिन्हिरा, म्हणजे मागून साथ देणें. दुसऱ्याचे आघात पहिल्याच्या आघातांमधल्या फटींत पडतात, आणि दोघांच्या मिश्रणांतून जी चाल उमटते ती दोघांपैकीं कोणाच्याच हातांत नसते. अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन, तें पुनः पुनः फिरतें. त्याला आरंभ कोठें व शेवट कोठें हें ठरलेलें नाहीं. वादक मध्येंच येऊन कोठेंही शिरतो. न्हेमामुसासा किंवा न्यामारोपा या प्रसिद्ध चाली एका तासानंतरही संपलेल्या नसतात.

जोआंव दोस सांतोस या पोर्तुगीज डोमिनिकन धर्मोपदेशकानें १५८६ सालीं या मुलखांत नऊ पट्ट्यांचें असें वाद्य पाहिलें आणि आपल्या १६०९ च्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. वादकांच्या अंगठ्यांचा हलकेपणा त्यानें मनापासून वाखाणला आहे. परधर्माचा उपदेशक असूनही त्याला तें वाद्य गोड वाटलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी. कारण तीनशें वर्षांनीं आलेल्या त्याच्या धर्मबंधूंचा कान तसा राहिला नव्हता. १८९० सालीं इंग्रजांच्या कंपनीनें हा मुलूख व्यापला. १८९६-९७ सालीं शोना लोकांनीं बंड केलें, आणि त्या बंडांत ज्यांच्या अंगांत पितर येत अशा माणसांचा मोठा वांटा होता. नेहांडा या आत्म्याचें झाड असलेली चार्वे नांवाची बाई १८९८ सालीं फांशी गेली. यानंतर सरकारला व पाद्र्यांना पितरांची पूजा म्हणजे नुसता अंधविश्वास राहिला नाहीं, तें राजकारण झालें. मिशनच्या शाळेंत शिकावयाचें, नोकरी मिळवावयाची, तर म्बिरा सोडावें लागे. तें सैतानाचें वाद्य ठरलें. खेड्यांत बिरा होत राहिला, पण शिकलेल्या घरांत फळी अडगळींत गेली.

वाद्याला परत मान मिळाला तोही निराळ्याच दारानें. ह्यू ट्रेसी या संशोधकानें १९५४ पासून दक्षिण आफ्रिकेंत कालिंबा नांवानें अशाच पट्ट्यांचें वाद्य बनवून विकण्यास आरंभ केला. त्याच्या पट्ट्या युरोपीय सप्तकांत मिळविलेल्या होत्या. शोना वाद्यांचें तसें नाहीं. एका घराण्याची जुळणी दुसऱ्यासारखी नसते, आणि पितरही आपल्या घरची जुळणी ओळखतात अशी श्रद्धा आहे. कालिंबा जगभर गेलें. दिवाणखान्यांत, मुलांच्या शाळेंत, जेथें पितर येण्याची शक्यता नाहीं अशा सर्व ठिकाणीं. १९६० च्या सुमारास बुलावायो शहरांत क्वानोंगोमा हें संगीताचें विद्यालय निघालें, तेथेंही शिकविण्यास निवडलें तें पितरांचें म्बिरा नव्हे. करमणुकीचें, पंधरा पट्ट्यांचें धाकटें भावंड. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें निवड सोयीची होती यांत शंका नाहीं. पण जें सोयीचें तें शिकवावयाचें आणि जें गैरसोयीचें तें बाहेर ठेवावयाचें, ही विद्यालयांची जुनी खोड तेथेंही दिसते.

मोठें म्बिरा आलें तें स्वातंत्र्ययुद्धाबरोबर. १९७० नंतरच्या दशकांत थॉमस मापफुमो या गायकानें व त्याच्या साथीदारांनीं विजेच्या गिटारीवर म्बिराच्या चाली उतरविल्या. शहरांतील ज्या तरुणानें फळी कधीं हातांत धरली नव्हती, त्याच्या कानावर आजोबांची चाल पडूं लागली. १९७९ सालीं सरकारनें मापफुमोला कांहीं काळ डांबून ठेवलें. १९८० सालीं देश स्वतंत्र झाला, आणि काल जें चोरून वाजवीत तें राष्ट्रीय वाद्य म्हणून मिरविलें जाऊं लागलें.

या घडामोडींत स्टेला चिवेशे या बाईंचें नांव विसरतां येणार नाहीं. १९४६ सालीं जन्मलेल्या या बाईंना तरुणपणीं म्बिरा शिकावेंसें वाटलें. पण हें पुरुषांचें वाद्य, म्हणून कोणी शिकवीना. अखेर नात्यांतील एका वडीलधाऱ्यानें विद्या दिली. परकी सत्ता असतांना त्या रात्रींच्या विधींत लपूनछपून वाजवीत. पुढें युरोपच्या रंगमंचावर वाजवूं लागल्या. पितरांचें वाद्य तिकीट घेऊन ऐकविण्यावरून त्यांना घरच्याच लोकांचे बोल खावे लागले. २०२३ च्या जानेवारींत त्या निवर्तल्या. टीका करणारांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. परंतु ज्या वाद्याला विधीच्या दारांतच एका बाईनें कधीं हात लावूं नये अशी स्थिति होती, त्याला ती बाई लाभली नसती तर किती लोकांच्या कानांवर तें पडलें असतें, हाही हिशेब करावयास हवा.

२०२० सालीं युनेस्कोनें झिंबाब्वे व मलावी या दोन देशांच्या नांवें म्बिरा घडविण्याची व वाजविण्याची कला मानवजातीच्या वारशांत नोंदविली. हरारेंत आज एकच वादक शनिवारीं संध्याकाळीं रंगमंचावर बसतो आणि मध्यरात्रीं एखाद्या खेड्यांतील बिऱ्याला जातो. फळी तीच, अंगठे तेच, न्हेमामुसासाही तीच. रंगमंचावर ती दहा मिनिटांत आटोपावी लागते, कारण पुढचा कार्यक्रम असतो आणि लोकांना टाळ्या वाजवावयाच्या असतात. खेड्यांत ती थांबवावयाची केव्हां, हें वादकाच्या हातीं नसतें. झाड बसलेलें असतें, कोपऱ्यांत आजारी मूल असतें, पहांट व्हावयास अवकाश असतो, आणि पितर अजून बोललेला नसतो. म्हणून तो वाजवीत राहतो.